एका तोंडचा आकडा

पहिल्यांदा डोक्याला करंट लागला, तेव्हा महागू बनसोडनं डॉक्टरच्या कानाखाली जाळ काढला.

डॉक्टर जबलपूरचा, तरणा, बारीक काडीचा चष्मा लावणारा. चष्मा भिंतीवर आपटून स्टुलाखाली गेला आणि डॉक्टर गाल धरून महागूकडे बघत राहिला. ती नजर महागूच्या ओळखीची होती. त्याच्या हाताची चव चाखलेली सगळीच माणसं पहिल्या क्षणी अशी बघतात. आधी आश्चर्य, दुखणं मागाहून.

"मोठेबाबा! काय केलं हे?" संघमित्रा धावली. ती महागूच्या धाकट्या भावाची मुलगी. बालाघाटात गोंदिया रोडवरच्या या दवाखान्यात ती मशीन लावायचं काम करायची. महागूला इथं तिनंच आणलं होतं, त्यामुळं त्या थपडेतला अर्धा वाटा तिच्याही गालावर बसला होता.

"मुंग्या चावल्या ना वो डोस्क्यात! मले वाटलं, मेलो."

"तीनदा सांगितलं होतं, थोडी झुनझुनी होईल म्हणून."

"तू हिंदीत सांगतलं, त्यानं इंग्रजीत सांगतलं. मुंग्या मराठीत चावल्या."

डॉक्टरनं चष्मा शोधून काढला, पुसला, वाकडा झालेला तसाच डोळ्यांवर चढवला. "कोई बात नहीं," तो म्हणाला. "अंकल का हाथ बहुत फास्ट है. अब याददाश्त देखते हैं."

महागूच्या कपाळाभोवती रबरी पट्टा होता. पट्ट्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांच्यातून निघालेल्या दोन तारा, आणि तारांच्या टोकाला साबणदाणीएवढी पेटी. डॉक्टरचा अभ्यास चालू होता. डोक्याला असा हलका करंट देत राहिलं, तर म्हाताऱ्या होत चाललेल्या कामगारांची आठवण सुधारते का? लहानपणची आठवण नव्हे; ती कुठं जात नाही. आत्ता ऐकलेलं, आत्ता पाहिलेलं कामापुरतं मुठीत धरून ठेवायची आठवण. समोरच्या पडद्यावर एकामागून एक आकडे यायचे. आलेला आकडा आदल्याच्या आदल्यासारखा असेल तर बटण दाबायचं.

"सरळ सांग ना," महागू पुतणीला म्हणाला, "का पुढचा आला तरी मांगचा सोडू नको."

"हौ. तेच."

महागूनं पट्टा पुन्हा नीट बसवून घेतला. या वेळी दोन्ही हात त्यानं आपणच मांड्यांखाली दाबून ठेवले. डॉक्टरच्या भल्यासाठी.

*

लामता गावाच्या रस्त्याला एका सेठची गिट्टीची खदान आहे. महागू तिथला ब्लास्टर. डिरिलवाले खडकात होल पाडतात. महागू त्यांत दारू ठासतो, बत्त्या सोडतो, पेटवतो आणि उलट्या घातलेल्या जुन्या डंपरच्या डाल्याखाली, म्हणजे त्याच्या लोखंडी हौद्याखाली, येऊन बसतो. मग बार उडू लागतात. बाकीच्यांसाठी काम तिथं संपतं, महागूचं तिथं सुरू होतं. त्याला मोजायचं असतं. जितके होल तितके बार झाले पाहिजेत. एक कमी भरला, तर तो खडकात जिवंत बसलेला असतो. त्याच्यावर कोणी डिरिल टेकवली की... हे वाक्य खदानीत कोणी पुरं करत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण बार काही शाळेतल्या पोरांसारखे एकेक करून हजेरी देत नाहीत. दोन एकदम उडतात, ते कानानं फोडून वेगळे करावे लागतात. एखादा घशातल्या घशात बोलतो. समोरची टेकडी मध्येच आपलीही हजेरी लावून जाते. महागूला हे सगळं आंधळ्यानं आपल्या घरात फिरावं तसं जमायचं.

आणि या खदानीचा एक रिवाज होता. मोजायचं ते एकट्या ब्लास्टरनं. दुसऱ्या कोणी मोजलं तर तो ब्लास्टरच्या तोंडावर थुंकल्याएवढा अपमान. रिवाजाला कारणही होतं. महागूच्या आधीच्या ब्लास्टरच्या काळात दोघंजण मोजत. एकदा एकाचे नऊ भरले, दुसऱ्याचे दहा. सुरुंगानं कोणी मेलं नाही. नऊ का दहा या भांडणात मात्र घण चालला आणि एकाचं डोकं नारळासारखं फुटलं. तेव्हापासून ठरलं, आकडा एका तोंडचा. ब्लास्टर "खुला" म्हणाला की खडक उतरायला खुला. बाकीच्यांनी कानात बोटं घालून बसायचं. माणसाला जिवापेक्षा भांडणाची भीती जास्त वाटते, हे त्या रिवाजात दिसत होतं. पण रिवाजाकडे असं कोण बघतं?

खूप वर्षांपूर्वी एका सकाळी याच रिवाजानं महागूला एकट्याला गाठलं. बार उडत होते, तो मोजत होता, आणि कोणीतरी मागून कुणाच्या तरी बायकोवरून एक विनोद फेकला. विनोद चांगला होता. महागू हसला. हसून परत आला तेव्हा आकडा जागेवर नव्हता. आठ? नऊ? धूर खाली बसला. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. तो तरणा होता, नावाजलेला होता, आणि "विसरलो" हा शब्द त्याच्या तोंडानं तोवर कधी काढला नव्हता.

"खुला," तो म्हणाला.

हिरालाल रंगारी डिरिल घेऊन खाली उतरला. एकाच गल्लीतला, महागूबरोबर गोट्या खेळलेला हिरालाल. त्यानं तिसऱ्या का चौथ्या जागी डिरिल टेकवली आणि खडक त्याच्या तोंडावर उडाला. लोक पोहोचले तेव्हा तो बसलेला होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. हात मनगटापासून नव्हता, बघायला काही नव्हतं, तरी बघत होता. एक डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता. गालात गिट्टी रुतलेली. महागूनं त्याला पाठीवर घेतलं तेव्हा त्याचं रक्त महागूच्या चड्डीपर्यंत उतरलं. वाटेत हिरालालच पाठीवरून म्हणाला, "बत्ती ओली असन बे. उशिरा पकडली."

महागू म्हणाला, "हौ. ओलीच होती."

बस. तेवढंच. चौकशीला आलेल्या साहेबानं ओली बत्ती मानली, सेठनं मानली, सगळ्या लामत्यानं मानली. हिरालालनं तर अशी मानली, की महागूला कोणी वाकडं बोललं तर तो डाव्या हातानं त्याची गचांडी धरायचा. खदानीच्या फाटकाजवळ त्यानं चहाची टपरी टाकली आणि पहिला कप रोज महागूचा ठरला. कर्जात बुडालेल्या माणसालाही सावकार तोंड चुकवू देतो. महागूला ती सोय नव्हती. त्याचा सावकार रोज सकाळी त्याला हसून चहा द्यायचा.

*

म्हातारपणाला महागू भीत नव्हता. पण अलीकडं डोकं दगा देऊ लागलं होतं. तो चक्कीपर्यंत जायचा आणि दळण घरीच राहिलेलं असायचं. भांडताना निम्म्यात मुद्दा हरवायचा, मग मुद्द्याच्या जागी हात चालायचा. मोजतानाही एकदा-दोनदा आकडा लटपटला. एकदा प्रेमलाल डंपरवाला मोजणीच्या वेळी खोकला. नुसता खोकला. महागूनं आकडा कसाबसा धरून "खुला" म्हटलं आणि लगेच जाऊन प्रेमलालला असा तुडवला की त्याचा दात ओठातून बाहेर आला. लोक म्हणाले, ब्लास्टरचं डोकं गरम आहे. डोकं गरम नव्हतं. आतून थंड पडत चाललं होतं. पण गरम डोक्याला खदानीत मान असतो, म्हणून महागूनं तेच चालू दिलं.

काम सोडायचं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि त्या कारणाची शेपटी धरून ती जुनी सकाळ बाहेर आली असती.

अशात हिरालालचा मुलगा अश्विन डिरिलवर लागला. अपघात झाला तेव्हा तो रांगत होता. हिरालालनंच त्याला महागूपुढं उभा केला.

"पोट्ट्याले नागपूरले नाही पाठवत मी," हिरालाल म्हणाला. "अथीच काम करन. तुह्या मोजणीखाली. तू असला का मले फिकर नाही."

"दुसरं काम पाय ना त्याच्यासाठी," महागू म्हणाला. "दुकानात लाव. मोबाइलच्या."

"काहून? खदान का वाईट आहे? बत्ती एकदाच ओली राहते बे. दोनदा नाही राहत."

महागूनं चहा अर्धा टाकला. त्याच आठवड्यात तो आपल्या पायानं पुतणीकडं गेला आणि म्हणाला, "तुह्या डॉक्टरले म्हातारे पायजे म्हनत होती ना? मी आहो."

दवाखान्याचं कारण म्हणून खदानीत त्यानं सांगितलं, डोकं दुखते.

थपडेच्या त्या दिवसानंतरही महागू दवाखान्यात मांड्यांखाली हात दाबून बसत राहिला. सुरुवातीला मुंग्या यायच्या, मग त्यांची सवय होऊन जायची आणि पडद्यावर आकडे धावू लागायचे. पहिल्या दिवसांत तो इतका चुकला की रागानं त्यानं बटणाची पेटी टेबलावर आपटून फोडली. डॉक्टरनं नवी आणली आणि स्वतःची खुर्ची जरा मागं घेतली. पण हळूहळू मागचा आकडा मुठीत राहू लागला. नंबर वाढू लागले. संघमित्रा दर वेळी नंबर वाचून दाखवायची आणि महागू रुमालानं कपाळावरचं खारं पाणी टिपत असा बाहेर पडायचा, जणू दवाखान्यानं त्याला नाही, त्यानं दवाखान्याला काहीतरी दिलंय.

घरीही फरक दिसला. शांताबाईनं एका दमात सांगितलेला सगळा बाजार तो न विसरता घेऊन आला. तिथवर ठीक होतं. पुढं भांडण झालं, तेव्हा त्यानं तिचं आदल्या बाजाराच्या दिवशीचं बोलणंही शब्दाला शब्द परत केलं. शांताबाईनं पळी फेकली. भुवईला लागली.

"लागू दे आगीत तुमचा करंट!" ती म्हणाली. "पयले बरे होते. शिव्या देल्या का इसरून जात."

महागू रक्त पुसत खूश झाला. करंटनं नवऱ्याची आठवण वाढली होती आणि बायकोचा नेम सुधारला होता. संसाराला याहून काय हवं?

खदानीत तर तो पुन्हा जुना महागू झाला. डाल्याखाली मांडी घालून, डोळे मिटून बसायचा. दुहेरी बार फोडून मोजायचा. "खुला" असा म्हणायचा की टेकडीनं ऐकावं. अश्विन खाली उतरायचा, डिरिल टेकवायचा आणि महागू मागं न बघता टपरीकडं निघायचा. हिरालालच्या टपरीवरचा चहा तो आता पुरा प्यायचा.

*

अभ्यास संपला त्या दिवशी संघमित्रानं त्याला दवाखान्याबाहेर समोशाच्या गाडीवर नेलं. ती खुशीत होती, म्हणून महागूला शंका आली नाही.

"मोठेबाबा, आज लिफाफे उघडले. कोणाला काय दिलं ते आज समजलं."

"काय दिलं म्हंजे? करंट देला."

"अर्ध्या लोकांना खरा. अर्ध्यांना नकली. असंच करावं लागते, नाही तर फायदा करंटचा का सरावाचा ते कळत नाही. कोणाला कोणता, हे मलेही मालूम नव्हतं, डॉक्टरांनाही नाही." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "तुमचा नकली होता."

महागू समोसा चावत होता. तो चावतच राहिला.

"मंग मुंग्या?"

"पहिल्या अर्ध्या मिनिटापुरत्या. मग मशीन आपोआप बंद पडते. तुमच्या डोक्यात काहीच नाही गेलं."

"आन माहे नंबर?"

"तुमचेच! सराव केला, मनावर घेतलं. मोठेबाबा, ही तर चांगली गोष्ट झाली ना. खऱ्या करंटवाल्यांपेक्षाही तुमचे काही नंबर वर आहेत. डॉक्टर पण हैरान. म्हणजे डोकं तुमचं स्वतःचंच आहे. पाहिजे तर आता खरा देतील, फ्रीमध्ये."

महागूचा हात वर गेला. पुतणीच्या तोंडासमोर तो थांबला आणि शेजारी लावलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलच्या आरशावर पडला. आरसा फुटला, बोटं कापली, मालक धावत आला, आणि संघमित्रा रडत त्याची समजूत घालू लागली.

"माहंच डोस्कं आहे," महागू बोटं चोखत म्हणाला, "मनूनच त भेव आहे वो."

*

दुसऱ्या दिवशी बारा होल होते. मॅनेजर चंद्रशेखर फाटकापाशी घड्याळ बघत उभा होता. रस्त्याच्या ठेकेदाराचे ट्रक लायनीनं उभे होते. महागूनं चिंध्या बांधलेल्या बोटांनी दारू ठासली, बत्त्या पेटवल्या आणि डाल्याखाली येऊन बसला. शेजारी अश्विन, कानात बोटं घालून.

एक. दोन. तीन-चार एकदम, फोडले. पाच. खडकाचा एक तुकडा डाल्यावर आदळला, घंटेसारखा. सहा.

सहाव्यानंतर महागूला आपण मोजताना दिसलो. बाहेरून, दुसऱ्या माणसाला बघावं तसे. कालपर्यंत मोजणारा करंट होता. महागू फक्त बसायचा. आज मोजतोय कोण? हाच तो, विनोदाला हसणारा. हाच, दळण घरी विसरणारा. सात झाला, की तो पडसाद होता? मग तीन लागोपाठ आले, एक दबका आला, एक धडाड आला, आणि महागू प्रत्येकाच्या मागं धावला. मासोळी हातातून सुटली की माणूस पाण्यात जिथं तिथं हात मारतो, तसा.

आणि शांत झालं.

धूर खाली बसू लागला. अश्विननं कानातली बोटं काढली, डिरिल खांद्यावर घेतली. त्याच्या ओठावर कोवळी मिशी होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

"काका, खुला?"

शब्द महागूच्या जिभेवर होता. बारा झाले असतील. बहुतेक झालेच असतील. एक शब्द म्हटला की चहा, घर, शांताबाई, बाजार, सगळं आहे तसं. त्यानं अश्विनच्या हातांकडं बघितलं. डिरिलच्या मुठीवर दोन्ही होते.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हंजे? राहिला का एखादा?"

"मले मालूम नाही. आकडा सुटला मधात. मी इसरलो."

इतक्या मोठ्यानं कोणी ब्लास्टर हे कधी बोलला नव्हता. आडोशातून बायका, हेल्पर, डंपरवाले त्याच्याकडे बघू लागले. दुसऱ्या कोणी मोजलं होतं का? कोणी नाही. रिवाज.

चंद्रशेखर धावत आला. "क्या भूल गए? ट्रक खड़े हैं बाहर! अंदाज से बोलो ना."

"अंदाज नाही सांगत. अर्धा घंटा थांबा. मंग मी एकेक होल पाहीन. तोवर कोनी नाही उतरन."

"अश्विन, उतर बे. कुछ नहीं होता."

अश्विननं एक पाऊल टाकलं. महागूनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला असा ढकलला की तो डिरिलसकट मागं पडला. मग चंद्रशेखरनं महागूला लाथ घातली. ती कमरेत बसली. महागू खाली बसला तसा प्रेमलाल पुढं आला. त्याचा एक दात या माणसाकडं बाकी होता आणि वसुलीला इतका चांगला मुहूर्त पुन्हा आला नसता. पहिली मूठ ओठावर, दुसरी कानावर. महागूनं हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताला काम सुचलं नाही. तो फक्त रस्त्यात आडवा होऊन राहिला, खाली उतरायच्या पायवाटेवर, म्हणजे उतरायचं तर त्याला तुडवून उतरावं लागेल. प्रेमलालनं तुडवलाही.

"सोड त्याले! सोड, मादरचोद!"

हिरालाल टपरीवरून धावत आला होता. त्यानं डाव्या हातानं प्रेमलालची मान मागून धरली आणि त्याचं तोंड डाल्याच्या लोखंडावर आपटलं. मग मॅनेजरकडं वळला. "लाज नाही वाटत? माणूस इमानदारीनं सांगून राह्यला का इसरलो, आन तुमी मारता? दुसरा असता त खुला म्हनून मोकळा झाला असता. माह्या पोराचे हात वाचवले त्यानं!"

ट्रकवाल्यांना समजवायला चंद्रशेखरला जावंच लागलं.

हिरालाल महागूजवळ उकिडवा बसला. आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसू लागला. ओठ दोन जागी फाटला होता.

"होते बे कधी असं," तो म्हणाला. "वय झालं आता. पयल्यांदाच झालं ना?"

हा प्रश्न नव्हताच. माणूस लहान पोराला "लागलं नाही ना" विचारतो, तसं ते होतं. "हौ" म्हणायचं होतं, बस. तेही नाही; नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही," महागू म्हणाला.

"हं?"

"दुसऱ्यांदा."

दुपट्टा थांबला. हिरालालचा पांढरा डोळा कुठंच बघत नव्हता. चांगला डोळा महागूच्या फाटलेल्या ओठावर होता, जणू शब्द तिथंच कुठं अडकला असेल. त्यानं घाई केली नाही.

"बत्ती?" त्यानं विचारलं.

"सुकी होती."

हिरालालनं उजवा हात वर घेतला. मनगटापुढं काही नसलेला तो हात, टोकाला घट्ट, चकचकीत कातडीचा. तो त्यानं महागूच्या तोंडावर मारला. थोट्या हाताचा मार मुठीसारखा लागत नाही. उखळात मुसळ पडावं तसा लागतो. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा मारताना त्याचाच हात फुटला आणि दोघांचं रक्त एक झालं. अश्विन "बाबा, बाबा" करत त्याला मागून ओढत होता. कोणी मध्ये पडलं नाही. प्रेमलालसुद्धा तोंड धरून बाजूला सरकला.

मग हिरालाल थांबला आणि डाल्याला टेकून बसला. अर्धा तास सगळे तसेच बसले.

*

होल तपासायचे ते ज्यानं पेटवले त्यानंच. महागू उठला. एक डोळा बंद झाला होता. त्यानं लाकडी काठी घेतली, पाण्याची कॅन घेतली. अश्विन त्याच्यामागं निघाला तशी हिरालालनं त्याची कॉलर धरली आणि त्याला जोरात खाली बसवलं. "तू नाही."

महागू एकटा खाली उतरला. फुटलेल्या खडकात होलाचा तळ शोधायचा, त्यात पाणी सोडायचं, काठीनं हळूच चाचपायचं, काही राहिलंय का ते बघायचं. दोन हातांत तीन कामं. कॅन घसरत होती, काठी घसरत होती. पहिल्या होलाला खूप वेळ लागला. दुसऱ्याच्या वेळी पाणी वरून कोणीतरी सोडलं.

हिरालाल होता. त्यानं कॅन डाव्या काखेत धरली होती आणि तोंड दुसरीकडं होतं. महागू जिथं काठी लावायचा तिथं पाण्याची धार पडायची. वर कड्यावर सगळी खदान उभी होती. ट्रकवालेही येऊन उभे राहिले होते. दोन म्हातारे खडकाच्या तोंडाशी वाकून, एका होलाकडून दुसऱ्याकडं सरकत होते. मध्येच महागू थांबला. त्यानं मागं वळून बघितलं, पुढं बघितलं.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

पाणी पडत राहिलं.

"हिरालाल, किती झाले?"

"सात."

ते पुढं सरकले. पुढच्या वेळी महागूनं विचारण्याआधीच आकडा आला. मग त्याच्या पुढचा. शेवटच्या होलात महागूनं काठी खूप वेळ फिरवली. खाली नुसता चिखल होता.

"बारा," हिरालाल म्हणाला.

सगळे उडालेले होते. एकही राहिलेला नव्हता. महागूनं "खुला" म्हटलं असतं, तरी काही झालं नसतं.

वर जायची वाट उभी होती आणि ओली झाली होती. हिरालालच्या एकाच हातात कॅन होती. वाटेच्या मधोमध त्याचा पाय सटकला. महागू दोन पावलं वर होता. त्यानं वाकून हात पुढं केला.

हिरालालनं त्या हाताकडं बघितलं. मग त्यानं कॅन सोडून दिली, रिकाम्या झालेल्या हातानं खडकाची धार पकडली आणि तो बाजूनं वर चढून गेला.

कॅन आपटत, उसळत खाली तळापर्यंत गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत महागू हात तसाच धरून उभा होता. मग तो ती आणायला खाली उतरला.